शरद आणि ढगातला रस्ता

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर फुलं घेत होतो. "विलासभावजी, हे गेले हो," एवढंच म्हणाल्या. शरद, कोपरीतला माझा शाळेपासूनचा मित्र, सकाळचा चहा पिता पिता गेला. सहा आठवडे झाले, अजून खरं वाटत नाही...

वागळे इस्टेटमध्ये त्याचा दाब मोजणारे प्रेशर गेज दुरुस्त करायचा छोटा कारखाना होता. गेज चुकीचं दाखवतंय म्हणून एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, की हा आधी त्यालाच झापायचा, "काटा बरोबर आहे, तुमचा अंदाज चुकतोय." पन्नाशीला टेकल्यावर या माणसानं विमान चालवायचा खासगी परवाना काढला. महिन्यातून एकदा घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबात जाऊन चार आसनी विमान उडवायचा. त्या परवान्यावर ढगात शिरायला मनाई असते. पण एका सप्टेंबरात मी शेजारी बसलेलो असताना ढगांनी आम्हाला गाठलंच. चहूकडे नुसतं पांढरं. शरदला वाटत होतं आपण सरळ चाललोय, समोरचं यंत्र सांगत होतं विमान डावीकडे कललंय, आणि त्यानं मनाचं ऐकलं. ढगाखालून बाहेर पडलो तेव्हा डोंगर इतका जवळ होता, की त्यावर चरणारी गुरं मला दिसली. उतरल्यावर कितीतरी वेळ त्याला पट्टा सोडता येईना. "गेजवाला मी," तो म्हणाला, "आणि आज काट्याचं ऐकलं नाही. तुला मारलं असतं रे." "मी परत बसणार नाही," मी म्हणालो.

आता हा उडणं सोडणार, असं आम्हाला वाटलं. त्यानं इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा अभ्यास सुरू केला. म्हणजे बाहेर काही दिसत नसताना केवळ यंत्रांवर विमान चालवायची परवानगी. घरी जेवणाच्या टेबलावर यंत्रांची चित्रं मांडून बसायचा आणि वहिनी कागदावरून कंट्रोल टॉवरच्या सूचना वाचायच्या. एकदा मी गेलो तर त्या चिडलेल्या. "अहो, उजवीकडे वळा म्हटलं ना! गेलात डोंगरात." शरद मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. क्लबात शिक्षक त्याच्या डोळ्यांवर बाहेरचं न दिसणारी झापड लावून तासन् तास उडायला लावत. दीड वर्षानं परीक्षा झाली. त्यात तो नापास झाला, कारण एका वळणावर पुन्हा मनाचं ऐकलं. टेबलावर पुन्हा ती चित्रं मांडली. दुसऱ्या खेपेला पास झाला आणि पेढे घेऊन थेट डोंबिवलीला माझ्या दारात. "पेढे द्यायला आलोय," म्हणाला, "आणि विचारायला..."

मी नाही म्हणू शकलो असतो. त्यानं वाईटही वाटून घेतलं नसतं. पण दारात उभा असलेला तो मला दोन वर्षांत पहिल्यांदा जुन्यासारखा दिसला. गेलो. यावेळी रीतसर परवानगी घेऊन आम्ही ढगात शिरलो. तेच पांढरं. मी बाहेर बघायचं सोडून शरदकडे बघत राहिलो. त्याची नजर एका काट्यावरून दुसऱ्यावर शांतपणे फिरत होती. मध्येच म्हणाला, "आत्ता मला वाटतंय, आपण उजवीकडे झुकलोय." मी विचारलं, "मग?" "मग काही नाही. वाटू दे." बारा मिनिटांनी ढग फाटले आणि समोर, अगदी नाकासमोर, धावपट्टी होती.

परवा वहिनींनी त्याची उड्डाणांची नोंदवही माझ्या हाती ठेवली. इंग्रजी आकड्यांनी भरलेली पानं. त्या दिवसाच्या ओळीपुढे मात्र पेन्सिलीनं, मराठीत, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विलास सोबत. अजिबात घाबरला नाही.'

मी किती घाबरलेलो, ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सीटची कड घट्ट धरलेला माझा हात उतरल्यावर त्यानंच सोडवला होता.