मकासरेने सांगितलेलं आणि न सांगितलेलं

मकासरे गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. लेकीच्या गुरुग्रामच्या सोसायटीत लिफ्टमध्ये नेटवर्क नसतं. सहाव्या मजल्याच्या आसपास ते क्षणभर येतं आणि जातं. तेवढ्यात फोन वाजला. फरीदाबादच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप होता, 'आपले ज्येष्ठ सभासद श्री. शांतवन मकासरे यांचं आज पहाटे निधन झालं.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागलेली. मी चौदाव्या मजल्यावर उतरलो, दार उघडलं, पिशवी ओट्यावर ठेवली आणि कोथिंबीर निवडायला बसलो. माझी मुलगी अनघा मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत जुडी निवडून झाली होती. तिलाही कुणीतरी कळवलं असावं. "बाबा, जायचंय ना? मी गाडी काढते," म्हणाली. मी म्हटलं, "गुडघा दुखतोय." अकरा महिने मी त्याचा फोन उचलला नव्हता. आता त्याला मातीत ठेवताना जाऊन उभं राहायचं हे मला खोटं वाटलं... निदान त्या दिवशी मी स्वतःला तसं सांगितलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. लोक मला मकासरेचा जवळचा मित्र समजतात. होतोच मी. म्हणून तर हे लिहिणं अवघड आहे.

आमची ओळख दोघेही निवृत्त झाल्यावरची. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होतो. तीसेक वर्षं टेबलावर वाकून डाव्या हाताने रेघा मारल्या. तो मूळचा नगरचा ख्रिस्ती, फरीदाबादच्या एका कारखान्यात टूलरूमचा फोरमन. मंडळाच्या गणपतीला मखराची नक्षी कापायची होती आणि कुणीतरी सांगितलं, सेक्टरातल्या मकासरेंकडे मशीन आहे. मी कागद घेऊन गेलो. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची खोली, भिंतीवर ओळीने टांगलेल्या पकडी, आणि मधोमध एका जड लोखंडी टेबलावर ते स्क्रोल सॉ. शिवणयंत्रासारखं दिसणारं, फक्त सुईच्या जागी दोऱ्याएवढं बारीक पातं, वरखाली नाचणारं. त्याने माझं चित्र उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे हाताने काढलंय?" मी हो म्हटलं. "मग उद्या दहाला ये," म्हणाला. सात वर्षं मी दहाला जात राहिलो. वाटणी ठरून गेली होती. रेघ माझी, काप त्याचा.

पण त्याने मला कापायलाही शिकवलं. पात्याचे दात खाली बघणारे हवेत, नाहीतर लाकूड उसळून हातात येतं. पातं ताणलं की बोटाने छेडायचं. तंबोऱ्याच्या तारेसारखं वाजलं तरच सुरू करायचं, बद्द वाजलं तर पुन्हा ताणायचं. नक्षीच्या कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, म्हणजे शिसव जळत नाही. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी, कारण कड आधी कापली तर धरायला काही उरत नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ढकलायचं नाही. मी सुरुवातीला वळणावर जोर लावायचो आणि पातं तुटायचं. तो हसायचा. "बर्वे, तू सरकारी माणूस, फाइल ढकलल्यासारखं ढकलू नकोस. ते आपलं आपण खातं. तू फक्त वळव." त्याच्यासारखा वळवणारा मी पाहिला नाही. जाडजूड बोटं, पण मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा तो असा काढायचा की कड काचपेपर न लावता गुळगुळीत लागायची. कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात जाऊन आम्ही तुकडे निवडायचो; तो प्रत्येक फळी कानाशी धरून टकटक करायचा आणि दुकानदार वैतागून म्हणायचा, "अंकल, तरबूज नहीं है." घरी आलं की मार्थावहिनी, म्हणजे त्याची बायको, आल्याचा चहा दाराशीच ठेवायच्या, कारण आत पाऊल ठेवलं तर साडीला चिकटपट्टीचे तुकडे लागतात.

माझी पत्नी वारली ते त्याच काळात. मी फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये एकटा राहिलो तो त्या खोलीच्या जोरावर. अनघा दर रविवारी सांगायची, "बाबा, इकडे या ना यार, एकटे काय करताय?" आणि मी दर रविवारी सांगायचो की मला दहाला कामावर जायचं असतं.

मग रेघ हलायला लागली. आधी मला वाटलं पेन्सिल खराब आहे. मग चष्मा बदलला. मग एका सकाळी कपातला चहा बशीत आला आणि मला कळलं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, म्हणाले हळूहळू वाढेल. मी कुणालाही सांगितलं नाही. अनघाला कळलं असतं तर आठवडाभरात माझं सामान गुरुग्रामला गेलं असतं.

गेल्या वर्षी जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी गेली. आम्ही तिथे येणाऱ्या लोकांना द्यायला शिसवाचे छोटे आंबे, म्हणजे आंब्याची झाडं, कापून नेली होती. पुण्याहून आलेल्या बायका त्यावरून हात फिरवत होत्या आणि मकासरे एखाद्या नवरदेवासारखा लाजत होता. परतीच्या बसमध्ये धुकं होतं, गाडी रांगत होती. तो खिडकीशी बसला होता. कशाने कोण जाणे, मी त्याला सांगून टाकलं. हात पुढे केला, दाखवला. तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "माहीत आहे. तीन महिने मी तुझ्या रेघा सरळ करून कापतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिने, एक शब्द न बोलता! मी म्हटलं, "अनघाला सांगू नकोस. शपथ घे." तो म्हणाला, "आमच्यात शपथ घेत नाहीत. पण सांगणार नाही."

फेब्रुवारीत एका शनिवारी अनघा न कळवता आली. चप्पल न काढताच विचारलं, "बाबा, हात कधीपासून थरथरतोय?"

"कुणी सांगितलं?"

"ते इम्पॉर्टंट नाहीये."

"अनघा, कुणी सांगितलं?"

"मकासरेकाकांचा फोन आला होता. आणि त्यांना काहीही बोलायचं नाही, ओके? ते बिल्कुल राइट होते."

मी तसाच चालत त्याच्याकडे गेलो. तो काहीतरी कापत होता. मला पाहून त्याने मशीन बंद केलं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"शब्द दिला होतास तू मला."

"दिला होता. परवा बदरपूरच्या पुलावर तू ब्रेक केव्हा मारलास आठवतंय? मी शेजारी बसलो होतो. पुढच्या स्कूटरवर बाई होती, मांडीवर पोर होतं. तुझा हात गिअरवरून निसटला." तो दमल्यासारखा स्टुलावर बसला. "मला सांगावं लागलं, बर्वे. पुन्हा वेळ आली तरी सांगीन."

"मला सांगायचं होतंस. मी गाडी बंद केली असती."

"केली नसतीस."

हे त्याने इतक्या शांतपणे म्हटलं की मला ते जास्त लागलं. मला ओळखत असल्याचा तो जो पुरावा होता, त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, "यापुढे माझ्या घरच्यांशी बोलू नकोस. माझ्याशीही नको."

पुढचं सगळं मी भीती धरली होती तसंच झालं. अनघाने गाडी विकली, फ्लॅटला कुलूप लावलं, माझी खोली तयार केली. बाल्कनी, टीव्ही, बाथरूममध्ये धरायला दांड्या. फार प्रेमाने केलं. सकाळी दहा वाजले की मी बाल्कनीत जाऊन उभा राहायचो आणि मला काय करावं ते कळायचं नाही. मकासरेचे फोन यायचे, सुरुवातीला रोज, मग आठवड्याला, मग कधीतरी. मी नाव बघायचो आणि फोन उपडा ठेवायचो. सत्तरीच्या माणसाकडे स्वतःचं असं उरतं काय? आपल्याबद्दलची बातमी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, एवढंच ना? तेवढं माझं होतं आणि तेही त्याने परस्पर वाटून टाकलं, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

गेल्या रविवारी मार्थावहिनींचा फोन आला. खोली रिकामी करायची आहे, मुलगा बंगळुरूला घेऊन चाललाय, तुम्ही एकदा येऊन जा. अनघाने नेलं. पकडी ओळीने टांगलेल्या होत्या, टेबल पुसलेलं होतं. वहिनींनी खुर्ची दिली आणि मी सांत्वनाचं काहीतरी बोलायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं फुप्फुसाचं दुखणं तुम्हाला माहीतच नव्हतं ना?"

मला कुठून माहीत असणार! मला वाटलं होतं, अचानक गेला.

वहिनींनी सांगितलं ते असं. पानिपतच्या आधीच्या दिवाळीनंतर त्याला धाप लागायला लागली म्हणून तो एकटाच जाऊन तपासून आला. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, लाकडाची धूळ आजपासून बंद. त्याने रिपोर्ट सँडपेपरच्या खोक्यात ठेवला आणि घरात कुणालाच सांगितलं नाही. मला आठवलं, त्याच सुमारास त्याने मास्क लावायला सुरुवात केली होती. मी चेष्टा केली तर म्हणाला होता, "दिल्लीची हवा बघ जरा." बरोबरच होतं ते, त्या दिवसांत सगळेच मास्क लावतात. म्हणजे पानिपतच्या बसमध्ये मी माझा हात पुढे केला तेव्हा त्याच्याकडेही सांगण्यासारखं होतं. त्याने माझं घेतलं आणि स्वतःचं ठेवून घेतलं. आणि ते तीन महिने, रोज दहा वाजता, मी नव्या रेघा घेऊन त्याच्या दारात उभा राहत होतो आणि तो त्या कापत होता.

"मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. अनघाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला. "माझं तेवढं सांगितलं! स्वतःचं का नाही? मी एक तुकडा कापू दिला नसता त्याला. मी त्याच संध्याकाळी तुम्हाला..."

मी थांबलो. मी त्याच संध्याकाळी वहिनींना सांगितलं असतं. त्याने शब्द घेतला असता तरी सांगितलं असतं. अनघा काही बोलली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

वहिनी म्हणाल्या, "मलाही त्यांनी कुठे सांगितलं? तुम्ही गेल्यावर ते रोज दहाला इथे येऊन बसायचे. मशीनचा आवाज यायचा, मला बरं वाटायचं, म्हणायची चला, मन रमतंय. दुपारी झाडायला यायची तर खाली काहीच नाही. भुसाच नाही. एक दिवस, दोन दिवस... आठवडा झाला. मग एकदा हळूच दारातून पाहिलं, तर मशीन चालू आणि हे नुसते समोर बसलेले, हात मांडीवर. लाकूड नाहीच. तेव्हा विचारलं, तेव्हा सांगितलं. म्हणाले, तुला आवाजाची सवय आहे, बंद पडला असता तर घाबरली असतीस."

"आणि मला?"

"मी म्हटलं, बर्वेभाऊजींना कळवते. तर म्हणाले, रागावलाय तो, रागावलेला राहू दे. कळलं तर धावत येईल, आणि तेही कुणाची तरी गाडी चालवत." त्या हसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी विचारलं, मग फोन कशाला करत होता? मी उचलला असता तर सांगणार होता का? वहिनी म्हणाल्या, "ते मला नाही माहीत, भाऊजी. खरंच नाही माहीत."

मला तिथे माफ करावंसं वाटलं नाही. हे प्रामाणिकपणे लिहितो, कारण अशा लेखात लोक माफ करून मोकळे होतात. माझ्या मित्राने माझ्या बाबतीत ठरवलं आणि स्वतःच्या बाबतीतही त्यानेच ठरवलं. मला दोन्हीकडे विचारलं नाही. तो बरोबर असेल. बरोबर असणं वेगळं.

कोपऱ्यात पाइनची एक पट्टी होती. मी उठलो, स्टुलावर बसलो, पातं छेडून पाहिलं, ताणलं, मशीन लावलं. अनघा पुढे आली, पण थांबली. रेघ नव्हती, मनानेच एक वळण घेतलं. डावा हात हलत होता, उजवा त्याला धरून होता. काप वेडावाकडा आला, दोन ठिकाणी बाहेर गेला, पण पातं तुटलं नाही. मशीन बंद केलं तेव्हा माझ्या गुडघ्यांवर, चपलांवर, फरशीवर पिवळा भुसा पसरला होता.

मार्थावहिनी सवयीने कोपऱ्यातला झाडू उचलून आल्या. वाकल्या. मग तशाच उभ्या राहिल्या, फरशीकडे बघत.

"राहू दे आज," म्हणाल्या, आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला.