मिनिटाला तीस शब्द

प्रफुल्ल तोरसकरला मेमो मिळाल्याचं मला त्याच्या बायकोकडून कळलं. मनाली माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, गणपतीत तुम्ही देवाला गाऱ्हाणं घातलंत की नाटकाची जाहिरात केलीत?"

चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली. प्रेक्षकांच्या शिट्ट्या सोसल्या, पेपरवाल्यांची टीका सोसली. एवढी नेमकी टीका मात्र कुणी केली नव्हती.

प्रफुल्ल आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वय चव्वेचाळीस. परळच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा याने मिळेल ती नोकरी धरली आणि बावीस वर्षं आजारी माणसं इकडून तिकडे नेली. ट्रॉलीवरून, खुर्चीवरून, प्रसंगी दोन्ही हातांवर उचलून. त्यात कमरेचा मणका गेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वजन उचलणं बंद कर, नाहीतर दोन वर्षांत तूच ट्रॉलीवर येशील.

उचलणं बंद करायला एकच वाट होती, ती म्हणजे कारकुनाची जागा. इस्पितळातल्याच माणसांतून ती भरतात, पण मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागते. मिनिटाला तीस शब्द. वयाची अट पंचेचाळीस. प्रफुल्ल दोनदा बसला होता, एकदा चोवीसवर अडकला, एकदा सव्वीसवर. डिसेंबरातली परीक्षा ही त्याची शेवटची संधी.

आम्हा कोकणातल्या माणसांची एक रीत आहे. आरती झाली की एकाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. याला गाऱ्हाणं म्हणतात. माझ्या आवाजामुळे आमच्या चाळीत हे काम माझ्याकडे आलं आहे. यंदा गणपतीत प्रफुल्ल आरतीआधी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अप्पा, माझ्यासाठी एवढंच सांगा. टायपिंग पास होऊ दे."

एवढंच सांगायला हवं होतं. मी सुरुवात तशीच केली. "बा देवा म्हाराजा, ह्या प्रफुल्लाचा टायपिंग पास होवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

मागून दीडशे माणसांचा असा आवाज उठला की म्हाताऱ्या नटाच्या अंगात काय संचारतं, ते मी कसं सांगू? कित्येक वर्षांत असं भरलेलं थिएटर समोर नव्हतं. मी थांबलो नाही.

"नुसतो क्लार्क नको, हेडक्लार्क होवंदे! तेका बी.ए.ची पदवी गावंदे! गावच्या घरावर नवीन छप्पर चढांदे! पोरगी डॉक्टर होवंदे! आणि प्रफुल्ल असा इंग्लिश बोलांदे, की सायब उठान उभो रवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

लोक हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन गाढ झोपलो. प्रफुल्लची झोप मात्र त्या दिवसापासून उडाली.

दुसऱ्याच दिवशी त्याने माझं गाऱ्हाणं कागदावर उतरवलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. पुढे वेळा लिहिल्या. पहाटे चारला उठून बी.ए.चा अभ्यास. ड्यूटीआधी टायपिंग. ड्यूटीनंतर दादरला इंग्रजीचा क्लास. घरी आल्यावर मुलीला, श्रेयाला, विज्ञान शिकवायला बसायचं. ते शिकवण्याआधी स्वतः वाचायचं. रविवारी छपरासाठी गावाकडच्या सुताराशी फोन. दिवसाच्या पोतडीत त्याने एवढं कोंबलं, की टायपिंगला वीस मिनिटं उरली. सव्वीस शब्द बावीसवर आले.

नोव्हेंबरात एका दुपारी एका म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून एक्स-रेला नेताना तो दाराबाहेर बाकावर टेकला आणि बसल्या जागी झोपला. पाऊण तास. म्हातारी बिचारी हाका मारत राहिली. तिला काही झालं नाही, पण सिस्टरने मेमो दिला. आणखी एक मेमो आला, तर परीक्षेच्या यादीतूनच नाव जाणार होतं. परीक्षेला तेवीस दिवस होते.

मनालीचं बोलणं ऐकून मी तसाच वर गेलो. प्रफुल्ल जमिनीवर पाठ टेकून, कंबर शेकत पडला होता. डोळ्यांखाली काळं. समोर तो कागद.

"फाड तो," मी म्हटलं.

"कसा फाडू?"

"हाताने फाड. टायपिंग ठेव, बाकीचं सोड."

तो उठून बसला. "अप्पा, देवाला सांगितलंय. अख्खी चाळ व्हय म्हाराजा म्हणाली. त्यातलं एक धरायचं आणि बाकीचं टाकायचं, हे मला नाही जमणार. मग ते एकही मिळणार नाही."

"अरे, ते मी बोललो! तू कुठे मागितलंस?"

"माझ्या नावाने बोललात ना?"

मी त्याला आमच्या कामगार नाट्यस्पर्धेची गोष्ट सांगितली. नाटक दोन तासांत संपवायची अट होती आणि आमचं अडीच तासांचं. दिग्दर्शकाने तालमीत पेन्सिल घेतली आणि माझं सगळ्यात लाडकं भाषण उडवलं. मी रडलो, भांडलो. तो म्हणाला, शेवटच्या प्रवेशात आई दार उघडते, ते लोकांना दिसायला हवं. त्याच्या वाटेत जे जे येतं ते जाईल, तुझंही. "तुझं दार एकच आहे, प्रफुल्ल. त्याच्या आड येतंय ते सगळं काप."

"नाटक माणसांचं असतं," प्रफुल्ल म्हणाला. "हे देवापुढचं आहे."

मनाली ओट्याजवळून म्हणाली, "मग ज्याने घातलं त्यानेच मागे घ्यावं. बोलावून सगळ्यांना."

प्रफुल्लने मान वर केली. "सगळे व्हय म्हणाले तर ऐकेन. एक जरी गप्प राहिला, तरी नाही."

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या गणपतीच्या देवळीपुढे मी चाळ गोळा केली. असल्या प्रयोगाची ना तालीम होती, ना संहिता. पन्नाससाठ माणसं आली. पहिल्या ओळीत खुर्ची टाकून कमळाबाई. वय ब्याऐंशी, आमच्यापैकी कोणाहीपेक्षा देवाच्या जास्त ओळखीच्या. प्रफुल्ल खांबाला टेकून उभा, नजर खाली.

मी नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, गणपतीत प्रफुल्लासाठी जा मागला, तेतला एक सोडून बाकीचा मागे घेतंय."

काही जणांनी चाचरत "व्हय म्हाराजा" म्हटलं. बाकीचे कमळाबाईंकडे बघत राहिले. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

"देवाक सांगलेला परत घेतत काय रे?" त्या म्हणाल्या. "ह्यो काय भाजीवालो?"

कुणी हसलं नाही. प्रफुल्ल खांबापासून सुटून जिन्याकडे वळला. मला दिसलं, तो वर जाणार, तो कागद तसाच राहणार आणि पहाटे चारला त्याचा गजर वाजणार.

"थांब रे," कमळाबाईच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू तेच्या नावान मागे घेऊ नको. तेणा मागलाच नव्हता, माझ्या कानांनी ऐकलंय. जास्तीचा तू बोललंस. तू तुझ्या नावान माफी माग. नाक घास."

मी राजे केले, सरदार केले, एका नाटकात तर यमही केला. गुडघे दुखत होते तरी खाली बसलो आणि देवळीच्या पायरीला नाक लावलं. "ह्या आगाऊ नटाच्या तोंडातसून जा जास्तीचा गेला, ता माझ्या माथ्यार घाल. प्रफुल्लाचा मागणा एकच. मिनिटाक तीस शब्द."

सगळ्यांच्या आधी कमळाबाईंचा चिरका आवाज आला. "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळ्यांचा.

कागद त्याच दुपारी उतरला. बी.ए. पुढच्या वर्षावर गेलं. इंग्रजीचा क्लास बंद झाला. श्रेया म्हणाली, "पप्पा, खरं सांगू? तुम्ही शिकवता तेव्हा मला जास्त कळत नाही," आणि मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली. आता रोज दीड तास फक्त टायपिंग. तेही सरसकट नाही. तो कुठे अडतो, ते श्रेयाने शोधून काढलं. जोडाक्षर आलं की डावी करंगळी रेंगाळायची, आणि चूक झाली की तो मागे जाऊन ती खोडत बसायचा. पहिला आठवडा करंगळी. दुसरा आठवडा चूक झाली तरी मागे न बघणं. श्रेया मोबाईलवर वेळ लावायची, मी समोर बसून उतारा धरायचो. चोवीस. सव्वीस. सत्तावीस. एकोणतीस. आणि मग चार दिवस एकोणतीसच. परीक्षेच्या सकाळपर्यंत त्याने तिसाचा आकडा एकदाही पाहिला नव्हता.

दादरला परीक्षेच्या ठिकाणी मी बरोबर गेलो. मनाली मसाल्याच्या दुकानात कामाला, तिला सुट्टी मिळाली नव्हती. काचेच्या दारातून त्याची पाठ दिसत होती, कमरेचा पट्टा शर्टाखालून उठलेला. सात मिनिटांचा उतारा. घंटा झाली आणि वीस जणांची बोटं एकदम सुटली.

विंगेत उभं राहून दुसऱ्याचा प्रवेश बघताना मला नेहमी तहान लागायची. तशीच लागली. चौथ्या मिनिटाला त्याचे हात थांबले. चूक झाली होती, पाठीवरूनच मला कळलं. उजवा हात मागे खोडायच्या बटणाकडे गेला. मी काचेवर कपाळ टेकलं. नको रे, पुढे चल. हात तिथे क्षणभर तरंगला, परत जागेवर आला आणि बोटं पुन्हा चालू झाली.

बाहेर आल्यावर त्याने आधी घड्याळ पाहिलं. दोन वाजताची ड्यूटी होती. एक वडापाव उभ्या उभ्या खाऊन तो परळच्या दिशेने गेला.

निकाल यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत दोनदा त्याची कंबर धरली आणि मनालीने त्याला धरून जिना चढवला. मग एका दुपारी त्याचा फोन आला. मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती.

"अप्पा, एकतीस."

मी तो आकडा पुन्हा एकदा वदवून घेतला.

"मार्चपासून टेबलावर बसायचं म्हणालेत," तो म्हणाला. "ठेवतो आता, पेशंट न्यायचाय. आणि अप्पा, चाळीत मीच सांगेन हां. तुम्ही सांगितलंत तर संध्याकाळपर्यंत एकतीसचे पन्नास होतील."