नानांची पेटी, माझी गिटार आणि मधली सहा कंपने

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. ते आपसूक साचतात, आणि एकदा साचले की सांगणाऱ्यागणिक त्यांना नवे हातपाय फुटतात. माझ्या गिटारविषयी आमच्या स्टाफरूममध्ये सध्या तीन आवृत्त्या फिरत आहेत. पहिलीत ती रिमोटवर चालते. दुसरीत ती मोबाईलवरचे गाणे ऐकून स्वतःच वाजवते. तिसरीत तिने नानांच्या बोटाला चावा घेतला आहे, आणि नेमकी हीच आवृत्ती प्राचार्यांपर्यंत पोहोचली आहे!

मी भौतिकशास्त्र शिकवते. घटना एक आणि नोंदी तीन, हे मला सहन होत नाही. म्हणून मूळ प्रत मीच लिहून ठेवते. ज्यांना चावणारी गिटार अधिक आवडते, त्यांनी खुशाल स्टाफरूममध्ये बसावे.

आधी वस्तुस्थिती. जळगावच्या आमच्या कॉलेजात कर्मचाऱ्यांचा एक वाद्यवृंद आहे. पेटी आणि नेतृत्व नानांचे. ते आमचे निवृत्त हेडक्लार्क. गायन ग्रंथपाल चौधरी सरांचे. बँजो शकीलभाईंचा, ते माझ्या प्रयोगशाळेत सहायक आहेत, आणि त्यांचा बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणे असलेला, लग्नाच्या वरातीतला. आणि निवेदन माझे. सलग अकरा वर्षे. "मॅडमचं मराठी किती शुद्ध!" असे म्हणत दर वर्षी माईक माझ्या हाती दिला गेला. स्तुती करून माणसाला एका जागी किती घट्ट बसवता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. विद्यापीठात असताना मी वसतिगृहात पाच वर्षे गिटार वाजवली, हेही मी दर वर्षी सांगत असे. "छान, छान," असे म्हणून ते दर वर्षी ऐकून घेतले जाई.

यंदा मी सांगितले नाही. गिटार मागवली. तीही स्वतःचे सूर स्वतः लावणारी. तिच्या सहा खुंट्यांमागे सहा लहानशा मोटरी आहेत. बटण दाबून सगळ्या तारा एकदा छेडल्या, की कोणती तार किती चढली वा उतरली हे ती मोजते आणि खुंट्या फिरवून दुरुस्त करते.

नानांनी तिला चष्म्याच्या वरून पाहिले आणि अट घातली. "संस्थेचं स्नेहसंमेलन यंदा धुळ्याला. तोपर्यंत ही माझ्या पेटीला मिळाली, तर गिटार. नाही मिळाली, तर माईक."

मी म्हणाले, "मान्य. लेखी द्या."

दिले. हेडक्लार्क होते ते. जावक क्रमांकासह दिले!

*

खोके स्टाफरूममध्येच उघडले, ही माझी चूक. त्या दिवशी सगळ्यांचाच तास मोकळा निघाला.

"स्वतःच सूर लावते?" वाणिज्य शाखेच्या एका सरांनी विचारले. "मग स्वतःच वाजवेलही! तुमची गरज काय, मॅडम?"

आजूबाजूला हशा. मी तारांवरचे वेष्टन काढत राहिले. "सर, तुमच्या वर्गातला प्रोजेक्टर स्वतःच चित्र दाखवतो. तुमची गरज काय, हे विद्यार्थ्यांना कधी विचारलंय?"

त्यांचा तास अचानक भरला.

*

खंडेनवमीला आम्ही सगळी वाद्ये एका टेबलावर मांडून पूजा करतो. नानांचा माझ्या गिटारला विरोध होता. पण पूजेच्या बाबतीत त्यांनी भेदभाव केला नाही. पेटीला झेंडूचा हार, बँजोला झेंडूचा हार, आणि गिटारच्या खुंट्यांभोवती तीन वेढे देऊन झेंडूचा हार.

आरती झाली. कोणीतरी म्हणाले, "मॅडम, आता दाखवा तुमची जादू." जादू नव्हे, हे स्पष्ट करून मी बटण दाबले आणि तारा छेडल्या.

खुंट्या फिरू लागल्या. हारही फिरू लागला. पहिल्या खुंटीने दोन फुले ओढून घेतली, चौथीने दोराच गिळायला सुरुवात केली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो फूटभर हार हळूहळू, अत्यंत शिस्तीने, गिटारच्या डोक्यात गुंडाळला गेला. शेवटी लाल दिवा लागला आणि मोटरी थांबल्या. सोडवायला गेलेल्या नानांचे बोट दोऱ्यात किंचित अडकले. चाव्याची कथा ती एवढीच.

नानांनी बोट सोडवले, गिटारला हात जोडले आणि म्हणाले, "बाकी काही असो. प्रसाद घेते बुवा!"

*

पहिल्या तालमीत नानांनी पेटीवर पांढरी सहा दाबली. ही सहावी पांढरी पट्टी. आमचे सगळे तिच्यावरूनच सूर लावतात. मी गिटारचा तोच सूर वाजवला. चौधरी सरांनी तोंड उघडले होते, ते तसेच मिटले. दोन सुरांच्या मध्ये एक घरघर उभी राहिली होती.

नाना एरवी कार्यालयीन मराठी बोलतात. चिडले की गावची अहिराणी बाहेर येते. "बठ्ठा मनी पेटीवर सूर लावतस, नि हाई एकटीच नही! काय शे हाई?" बठ्ठा म्हणजे सगळे; अपवाद माझी गिटार.

तोंडी वादात मला रस नसतो. मी सगळ्यांना प्रयोगशाळेत नेले. शकीलभाईंनी कंपने मोजणारे यंत्र जोडले. गिटार: सेकंदाला चारशे चाळीस. पेटी: चारशे सेहेचाळीस. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच. मी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि खाली रेघ ओढली.

"चारशे चाळीसच बरोबर, हे ठरवलं कोणी?" नानांनी विचारले.

"आंतरराष्ट्रीय मानक आहे, नाना."

नानांनी पेटीचा भाता बंद केला. "मग त्यांना बोलवा तालमीला. मला चौधरी, शकील यांच्यासोबत वाजवायचंय."

मी खडू उचलून आधीच ओढलेली रेघ पुन्हा ओढली. नोंदीत हेही असायला हवे.

*

बोदवडला माझ्या थोरल्या आत्या राहतात. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि त्यांच्या यजमानांना आबा. गिटार पाहायची म्हणून त्यांनी निरोपावर निरोप पाठवले. मी रविवारी नेली.

अक्कांनी खुंट्या फिरताना एकदा पाहिल्या. मग स्वतःच्या हाताने एक खुंटी पिळली, तार पार ढिली केली आणि मला म्हणाल्या, "आता लाव." गिटारने लावली. अक्कांनी दुसरी पिळली. गिटारने तीही लावली. मी मोजत होते: अकराव्या वेळी बॅटरीचा दिवा पिवळा झाला.

अक्कांनी तिच्यावरून हात फिरवला. "कितीही बिघडवा, रागवत नाही. मुकाट्याने सुधारते." मग आतल्या खोलीकडे तोंड करून, चांगला आवाज चढवून: "अहो! जरा बाहेर या, बघायला या!"

आबा बाहेर आले नाहीत.

*

शकीलभाईंच्या भाच्याचे लग्न यावलला होते. भर दुपारी, केळीच्या बागेला लागून मांडव. "मॅडम, पेटीशिवाय दोघंच वाजवू. हात बसेल तुमचा," असे शकीलभाई म्हणाले, म्हणून गेले. गिटारची पिशवी त्यांनी गाडीतून उचलून आणली. साउंडवाल्याने ते पाहिले आणि त्यांनाच विचारले, "सर, गिटारचा साउंडचेक देता?"

"मी फक्त उचलतो," शकीलभाई म्हणाले. "वाजवतात त्या."

साउंडवाल्याने माझ्याकडे पाहिले, मान डोलावली, आणि पुन्हा शकीलभाईंनाच म्हणाला, "बरं, मग सर, त्यांना सांगा, हात लावू नका म्हणावं. ही ऑटोमॅटिक असते. बिघडेल."

मी दोघांच्या मधून पुढे गेले, बटण दाबले, तारा छेडल्या. सहा खुंट्या एकदम वळवळू लागल्या. साउंडवाला दोन पावले मागे सरला. "सर! आपोआप होतंय!"

"आपोआप नाही," मी म्हणाले. "मी केलंय. आणि मी इकडे आहे."

*

गिटारसोबत आलेली माहितीपुस्तिका आमच्या वर्तुळात मी सोडून कोणी उघडली नाही. पान एक्केचाळिसावर एक तळटीप आहे: मूळ सूर चारशे चाळीसच असला पाहिजे असे नाही, तो एकेका कंपनाने वर वा खाली सरकवता येतो.

मी त्या पानासमोर दोन दिवस बसून होते. नानांची पेटी चुकीची आहे, हे मी सिद्ध केले होते. ते फळ्यावरून अजून पुसलेही नव्हते. पण अटीत 'बरोबर' हा शब्द नव्हता. 'माझ्या पेटीला मिळाली तर' असा होता. जावक क्रमांकासह. तेव्हा चुकीला बरोबर न म्हणता, पूर्ण शुद्धीवर, मी गिटार चारशे सेहेचाळीसवर नेली. नकळत झाली तर चूक. ठरवून केली तर ते सेटिंग!

शकीलभाईंनी आकडा तपासून दिला. मी त्यांच्याकडून शब्द घेतला: नानांना हे मंचावरच कळले पाहिजे. प्रश्नपत्रिका आधी दाखवायची पद्धत माझ्यात नाही.

नानांना तालमीत कळण्याचा प्रश्नही उरला नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या पेटीचा भाता फाटला आणि ती दुरुस्तीला धुळ्याला गेली, शकीलभाईंच्या भावाच्या दुकानात. "परस्पर संमेलनातच घेईन ताब्यात," नाना म्हणाले. शेवटच्या सगळ्या तालमी पेटीविना झाल्या. शकीलभाई त्या काळात विलक्षण कमी बोलत. मी ते रोज्यांमुळे असेल असे मानले. रोजे तेव्हा नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

*

धुळे. सकाळचे अकरा. मैदानात मांडव, पहिल्या रांगेत सोफ्यांवर संस्थेचे पदाधिकारी, मागे सात-आठ कॉलेजांचे कर्मचारी. छापील कार्यक्रमपत्रिकेत 'निवेदन' या शब्दापुढे माझेच नाव होते. नानांनी खबरदारी म्हणून माईकही माझ्या खुर्चीसमोर उभा करून ठेवला होता. मी तो हातभर बाजूला सरकवला. नानांनी पाहिले आणि पेटीचे झाकण काढले.

पडदा उघडला. नानांनी पांढरी सहा दाबली. मी तार छेडली.

तीच घरघर!

पाच महिन्यांपूर्वीची, जशीच्या तशी. फक्त या वेळी ध्वनिक्षेपकातून, संपूर्ण मैदानभर. चौधरी सरांनी उघडलेले तोंड तसेच मिटले.

"मॅडम, खाली उतरा!" नाना पेटीआडून पुटपुटले. "चारशे चाळीस!"

"तुमच्याच पेटीवर आहे, नाना! चारशे सेहेचाळीस!"

"पेटी चारशे चाळीसवर शे! मुद्दाम कानस मारीसन आणेल शे!"

मी त्यांच्याकडे पाहिले. भात्याला काहीही झालेले नव्हते. पेटीच्या आत प्रत्येक सुराची एक पितळी पट्टी असते; सूर उतरवायचा तर तिच्या बुडाशी कानस चालवावी लागते, आणि घासलेले पितळ परत येत नाही. नानांनी एकूण एक पट्टी घासून घेतली होती.

आम्ही दोघांनी एकाच वेळी शकीलभाईंकडे मान वळवली. शकीलभाई बँजोच्या बटणांकडे अत्यंत बारकाईने पाहत होते. बँजोच्या सगळ्या तारा ढिल्या होत्या.

"दोघांनाही शब्द दिला होता," ते बँजोलाच म्हणाले. "म्हटलं, कोण जिंकतं ते बघून सूर लावू."

पेटी मागे जाणे शक्य नव्हते. गिटारला शक्य होते: बटण सहा वेळा दाबायचे, दर वेळी एक कंपन खाली, मग सगळ्या तारा छेडून खुंट्या थांबेपर्यंत वाट पाहायची. मी एक हात बटणावर ठेवला, एक तारांवर.

मांडवात चुळबुळ सुरू झाली. पहिल्या रांगेतून संस्थेचे सचिव उठून उभे राहिले. "मॅडम, ती गिटार राहू द्या आता! तुम्ही आपलं निवेदन करा!"

अकरा वर्षे मला ऐकलेली मंडळी मागे बसली होती. त्यांनी टाळ्यांवर ठेका धरला. "निवेदन! निवेदन!" कोणीतरी धावत येऊन माईक पुन्हा माझ्या हनुवटीशी आणून ठेवला.

माझे दोन्ही हात कामात होते. बटणाचा तिसरा दाब झाला होता.

"नाही," मी म्हणाले.

ते ध्वनिक्षेपकातून गेले. टाळ्या थांबल्या. सचिव उभेच राहिले. चौथा दाब. पाचवा. सहावा. मी तारा छेडल्या, आणि भर सकाळी, हजारेक डोळ्यांसमोर, सहा खुंट्या सावकाश फिरू लागल्या.

तेव्हा नानांनी पेटीचा भाता मिटला. उठले. माझ्यासमोरचा माईक दांडीसकट उचलला आणि आपल्यापुढे ठेवला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस मंचावर एक शब्दही बोललेला नव्हता. त्यांनी घसा खाकरला, सचिवांकडे पाहिले, आणि त्यांची कार्यालयीन मराठी त्यांना सोडून गेली.

"मंडळी," नाना म्हणाले, "मॅडम कामात शेतस. निवेदन मी करस."