रूपाबाई भुईवर बसली अन्

हिंगोलीकडच्या गोरेगावाजवळ आमच्या तांड्यात रूपाबाई म्हंजे अंगानं थोराड बाई. दोन हंडे डोक्यावर अन् एक काखेत घेऊन चढ चढायची. साठीनंतर गुडघे धरले. डॉक्टर म्हणला, "मावशी, वजन उतरवा." कसं, ते त्यानं सांगितलं न्हाई अन् हिनं पुसलं न्हाई.

मग बायांनीच दवाखाना मांडला. दाळ वातूळ, गुडघे धरती. अंडं गरम. मटन जड. दुधानं कफ. रूपाबाईनं सगळंच सोडलं. दोन्ही टाइम अर्धी भाकर अन् मिरचीचा ठेचा. पोरगं देविदास अंडी घेऊन आलं की म्हणायची, "काहून? मारतो का मला?"

वजन उतरलं. बांगड्या कोपराला भिडल्या. शेजारची जमनाबाई म्हणली, "अगं, नवरी दिसून राहिली तू!" रूपाबाई लाजली. पोट व्हतं तसंच व्हतं. मांड्या वाळल्या, त्या लुगड्याखाली कोण पाहते?

सोयाबीन कापायला बाया आपापल्या पातीवर, वाटून घेतलेल्या ओळींवर बसल्या. पात सरली, बाया उठल्या, रूपाबाई तिथंच.

"ऊठ ना महाराणी, पालखी आणू का?" जमनाबाई हसली.

रूपाबाईनं भुईला हात टेकले, जोर केला अन् बुडावरच पडली. मग हसणं थांबलं. देविदासनं काखेत हात घालून उचललं.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईनं मांडी दाबून पाह्यली. "आजी, चरबी न्हाई गेली, मांस गेलं. दाळ, अंडी, दूध खा. खुर्चीवरून उठबस करा. थोडं भरंल, पण लई दिवस लागतील."

दिवसच तर नव्हते. दिवाळी झाली की देविदास अन् त्याची बायको रीता ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोची जोडी म्हंजे एक कोयता; त्यातलं एक मागं राह्यलं तर कोयता मोडतो. रूपाबाई दाळीची वाटी तोंडाला लावायची, पण भूकच मेलेली. दोन घोटांत उमासे यायचे.

जायच्या सकाळी ती म्हणली, "जा तुमी. माझं मी करते." अन् दाखवायला म्हणून भुईवर बसली. चौकट धरली, दात खाल्ले, लुगडं घामानं भिजलं. उठली न्हाई.

"याडी, बस कर," देविदास म्हणला. आमी आईला याडी म्हणतो.

दोघांनी उचलून तिला ट्रॅक्टरवर ठेवलं, भांड्याच्या पोत्याला टेकून. रीतानं शेजारी दाळीचा डबा ठेवला. रूपाबाईनं तिकडं पाह्यलं बी न्हाई. तिनं बत्तीस सालं ऊस तोडला व्हता. उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत बाज नसती, हे तिला ठाव व्हतं. तिथं निजणं, खाणं, हागणं, सगळं भुईवर.