भाड्याच्या खोलीतली माणसं

फोटो काढण्याआधी मामा समोरच्याची हनुवटी एका बोटानं जराशी वर करायचे आणि म्हणायचे, "हं, आता आपल्या माणसाकडं बघा." कितीही आंबट तोंडाचा गडी असो, हसायचाच.

जवळा बाजार या गावात त्यांचा फोटो स्टुडिओ, वसमतला माझा नेट कॅफे. खेड्यात कॅमेऱ्याचे मोबाइल क्वचितच दिसत, तेव्हाची गोष्ट. मीच त्यांच्या डोक्यात भरवलं, "मामा, फोटो लांबच्या कंपनीच्या संगणकावर ठेवा. वर्षाचं भाडं भरायचं, पाहिजे तिथून उघडायचे. तुमचा संगणक बिघडला तरी फोटो शाबूत."

"म्हंजी भाड्यानं खोली घेतल्यावानी?"

"बराबर!"

माझ्याच ईमेलवर खातं उघडलं. भाडं पुण्याचा माझा भाऊ कार्डावरून भरायचा. मामा बसनं यायचे आणि एकेक फोटो चढवत बसायचे. नेट इतकं मंद, की मी वैतागायचो. मामा मात्र पडद्यावरच्या चेहऱ्याला चुचकारायचे, "चढ, लेकरा, चढ."

एका उन्हाळ्यात शॉर्टसर्किट झालं आणि स्टुडिओ खाक झाला. त्यानंतर मामा तांड्यावरच्या एका बाईला घेऊन आले. तिची लेक तापानं गेली होती. पोरीचा एकच फोटो, तोही मामांनी काढलेला.

खातं उघडतो तर काय, मुदत संपलेली! निरोप येऊन पडला होता, आगीच्या गडबडीत कुणी बघितलाच नव्हता. भाडं भरल्याशिवाय फोटो दिसेनात. कंपनीनं पुसून टाकले असले तर? भाऊ फोन उचलेना. मामा बाईला म्हणाले, "माय, दाराला कुलूप हाय. किल्ली येऊन राहिली."

अखेर भावानं फोन उचलला, भाडं भरलं. पडद्यावर वरून खाली फोटो उलगडत गेला. लाल रिबीन, कपाळ, मग डोळे. "हीच माझी सोनी," बाई म्हणाली आणि काचेवरच तिचा गाल कुरवाळत बसली.

मामा बाहेर जाऊन ढसाढसा रडले. "दुसऱ्याची लेकरं भाड्याच्या खोलीत ठेवून मी निवांत झोपलो की रे!"

त्या दिवसापासून माणूस नुसता झपाटला. फोटो उतरवून घ्यायचे, छापायचे आणि शिरड शहापूर म्हणू नका, तांडे म्हणू नका, स्वतः नेऊन द्यायचे. घरी पोचवला की खात्यातून पुसायचे. मी ओरडायचो, "अहो, राहू द्या की! भाडं भरलंय ना?"

"काहून? गेलं न्हाई का पोरगं घरी?"

पुढं मामा गेले. काही महिन्यांनी मुदत संपत आल्याचा निरोप आला. मामांची आठवण म्हणून हे खातं आपण चालवायचं, असं मी ठरवूनच बसलो होतो. खातं उघडलं. आत एकसुद्धा फोटो नव्हता. सगळ्यांना घरी पोचवूनच मामा गेले होते.

मला भडभडून आलं. भाडं काही मी भरलं नाही.