मरून रंगाखालची पुट्टी

पोलादपूरकडच्या एका जमीनदाराच्या घरी जुनीच विकत घेतलेली लांबडी गाडी होती. गावात आली तीच मरून रंगात, आणि आली त्या दिवसापासून माझे वडील तिचे ड्रायव्हर. बौद्धवाडीतल्या माणसाच्या हाती चावी, याचं वाडीला कौतुक होतं. सहा वर्षं त्यांनी ती आंबेनळी घाटातून नेली-आणली. मग एका पावसाळ्यात मालकांना मागच्या मडगार्डवर परातीएवढा पोचा दिसला. "घाटात ठोकलीस नि लपवतोस?" म्हणत त्यांनी चारचौघांत चावी काढून घेतली. वडील नाही म्हणत राहिले. पुढे तालुक्यात कुणी त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. कारखान्याच्या गेटवर रखवालदारी करण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं.

खरं सांगायचं तर मीही त्यांना खोटंच धरलं. दहावीनंतर शाळा सोडून मला महाडच्या गॅरेजात हातोडा धरावा लागला, तेव्हा रागात म्हणालो, "ठोकलीत तुम्ही आणि भोगतोय आम्ही." ते जेवत होते. त्यांनी ताट सारलं आणि हात धुतला. त्या गाडीचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही, मरेपर्यंत.

यंदा तीच गाडी टेम्पोवर चढून माझ्या गॅरेजात आली. मालक केव्हाच गेले होते. त्यांच्या मुलाला ती लेकीच्या लग्नासाठी नव्यासारखी करून हवी होती. वरून नंतर कधीतरी मारलेला पांढरा रंग, खाली गंजून चाळण. मी ओळखली. मुलाने मला ओळखलं नाही. आमच्यासारख्यांना ओळखायची त्या घराला कधी गरजच पडली नाही.

खालचा सडका पत्रा कापून नवा जोडला, दारं ठोकून सरळ केली. मागचं मडगार्ड मात्र मी पुढे ढकलत राहिलो. शेवटी एका सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसलो. पांढरा रंग गेला, त्याखालची पुट्टी गेली. वडिलांना काढल्यावर पोचा बुजवला होता, ती ही पुट्टी. तिच्याखाली मरून रंग लागला. त्याच्याखाली थेट पत्रा लागायला हवा होता. पण पोच्याच्या कडेने, मरूनच्याही खाली, आणखी एक पुट्टी निघाली. जुनी, पिवळी पडलेली.

मी हातातला पेपर खाली ठेवला. पोचा मरून रंगाच्या आधीचा होता. म्हणजे गाडी गावात येण्याच्या आधीचा. कुणीतरी तो बुजवून, वर रंग मारून मालकांच्या गळ्यात गाडी मारली होती. घाटातल्या पावसात पाणी शिरलं, पुट्टीचा पापुद्रा गळून पडला आणि जुना पोचा उघडा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि मी त्या संन्याशाच्याच घरात वाढलो.

मालकांच्या मुलाला बोलावून थर दाखवले, वडील कोण ते सांगितलं. त्याने वाकून पाहिलं. "असेल बुवा," म्हणाला. "आता ती माणसं राहिली नाहीत. लग्नाआधी होईल ना?"

हातोडा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण "होईल" म्हणालो.

दुपारी गॅरेज बंद करून वाडीवर आईकडे गेलो. ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं, मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला काय दाखवतोस रे?" ती म्हणाली. "तेंनी 'नाय ठोकली' म्हणून सांगितलं नि मी मानलं. वाडीनंपन मानलं. मानलं नाय ते तू."

आणि ती पुन्हा सूप हलवू लागली.