कात्रीकाकांच्या चार कोऱ्या ओळी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळे कात्रीकाका म्हणतात. प्रत्यक्षात त्यांनी कात्री कधी चालवली नाही. एकतीस वर्षं दोन बटणं दाबली, एक कुठून कापायचं त्याचं आणि दुसरं कुठपर्यंत त्याचं. विमानात प्रवाशांना दाखवतात ते सिनेमे काकांच्या हाताखालून जात. विमान जिथून उडतं आणि जिथे उतरतं, त्या दोन्ही देशांना सिनेमा खटकता कामा नये, एवढंच त्यांचं काम.

खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. खिडकीला काळा कागद, समोर दोन पडदे, आणि भिंतीलगत फायली, एकेका देशाची एकेका रंगाची. त्यामुळे काका देशांना नावानं ओळखतच नाहीत. पिवळ्या देशात सुरा चालतो, चुंबन चालत नाही. निळ्यात चुंबन खुशाल घ्या, पण नंतर सिगारेट पेटवली तर धूर पुसावा लागतो. हिरव्यात माणूस माणसाला काहीही करू शकतो, फक्त मंत्र्यावर कुणी हसायचं नाही. पांढऱ्या देशात कसलीच मनाई नाही. तिथून फक्त वकिलाचा फोन येतो, की मनाई नाही, पण असला सिनेमा आम्ही विकत घेणार नाही.

"आणि सगळ्यात कडक कोण?" असं विचारलं की काका आवाज खाली आणून सांगतात, "तपकिरी. त्यांच्या फायलीत एकच कागद आहे. 'योग्य ते करावे.' नियम असले की माणूस नियमापुरतं कापतो हो. नसले की भीतीपुरतं कापतो. एकदा त्यांच्यासाठी दोन तासांचा सिनेमा कापला, तर एकोणचाळीस मिनिटं उरली. त्यातली बारा मिनिटं नुसत्या घोड्यांची होती."

नोकरीला लागताना काकांनी एका कागदावर सही केली होती: कापलेला भाग कुणालाही सांगणार नाही. ही सही त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडली. संध्याकाळी काकू मटार सोलायला बसल्या की काका समोर उभे राहून दिवसभर जे जे कापलं ते करून दाखवत. मंत्र्यावर हसणारा हमाल तेच, मंत्रीही तेच. खांद्यावरचा टॉवेल कधी राणीचा पदर व्हायचा, कधी कटातल्या माणसाचा बुरखा. काकूंनी एकतीस वर्षांत एकही अख्खा सिनेमा पाहिला नाही, पण सात देशांनी नाकारलेलं सगळं त्यांना तोंडपाठ आहे.

काका निवृत्त झाले आणि इमारतीच्या वाचनालयानं वार्षिक अंकाच्या प्रकाशनालाच त्यांचा सत्कार ठेवला. पाहुणे म्हणून त्यांचे साहेब येणार होते. संपादक तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांनी काकूंकडून लेख मागितला. काकूंनी तीन पानं लिहून काकांपुढे ठेवली.

दुसऱ्या पानावर काका थांबले. मटार, टॉवेल, हमाल, सगळं चार ओळींत आलं होतं.

"अगं, हे साहेब वाचतील. एकतीस वर्षं कापलेलं एक चित्रही बाहेर गेलं नाही म्हणून तर सत्कार आहे."

"कुठल्या फायलीप्रमाणे कापताय?" काकूंनी विचारलं. "यात सुरा नाही, धूर नाही. पिवळ्यात चालेल, निळ्यात चालेल."

"मंत्री आहे."

"बरं, हिरवा सोडून. मग आपलं घर कुठल्या रंगाचं?"

काकांनी त्या चार ओळी पुन्हा एकदा वाचल्या. "तपकिरी," ते म्हणाले.

"ठीक आहे. कापा."

काकांनी पेन घेतलं आणि धंद्यातली खुबी सांगू लागले, "आता आधीचं वाक्य जरा पुढे ओढायचं. सिनेमात मी पावसाचा आवाज पुढे ओढतो. जोड दिसता कामा नये."

"तुमच्या सिनेमात नसेल दिसत. माझ्या लेखात दिसणार."

अंक शुक्रवारी घरोघर गेला. दुसऱ्या पानाच्या मधोमध चार ओळींची कोरी जागा होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: येथील चार ओळी पतीच्या विनंतीवरून वगळल्या आहेत.

शनिवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी काकांना जिन्यात अडवलं. "बाईमाणूस फार सोसतं हो," त्या म्हणाल्या. "मी असते तर माफ केलं नसतं." घड्याळं दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याचं मत पक्कं होतं, की निळ्या देशात काकांचा दुसरा संसार आहे. काका आयुष्यात एकदाही विमानात बसले नव्हते, पण शेजाऱ्याच्या मते हाच तर पुरावा. डॉक्टरांनी तर काकांना दाराआड घेतलं. "स्पष्ट विचारतो. वहिनींचे खालचे दोन दात मीच बसवलेत. ते पडले कसे?"

"स्टुलावरून पडली ती! पडदे लावताना!"

"त्याही तेच म्हणाल्या होत्या," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

काका वर येऊन मटकन बसले. "अगं, चार ओळी होत्या गं. लोकांनी त्यात चार आयुष्यं भरली."

"तुम्हीच ना सांगायचात, की चुंबन कापलं की लोकांना थेट पाळणाच दिसतो म्हणून?" काकू मटार सोलत म्हणाल्या. "आणि संपादकांनी साहेबांना अंक कालच पाठवलाय."

रविवारी साहेब आले. शाल-नारळ असलं काही नव्हतं. एक घड्याळ आणि एक भाषण होतं. पण साहेब भाषणात अडखळू लागले. "निष्कलंक" या शब्दाशी आले आणि चष्मा पुसत बसले. सभागृहातल्या साठ माणसांनी एकदम काकूंच्या दातांकडे पाहिलं.

काका उठले. खिशातून मूळ पान काढलं आणि चारही ओळी मोठ्यानं वाचल्या. मटार, टॉवेल, हमाल, मंत्री. "साहेब, सही मी पहिल्याच आठवड्यात मोडली," ते म्हणाले. "घड्याळ परत घ्यायचं तर घ्या. पण माझा दुसरा संसार नाही."

साहेबांनी चष्मा लावला. "तो डोंगरावरचा सिनेमा आठवतो? म्हातारी दाराशी उभी राहते आणि एकदम पोरगा शहरात दिसतो. मधे काय होतं? मी तुम्ही कापलेलाच पाहिलाय. दहा वर्षं डोक्यात आहे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पर्समधून टॉवेल काढला, म्हणजे त्या तयारीनंच आल्या होत्या. पुढचा पाऊण तास काका म्हातारी झाले, पोरगा झाले, दोन रणगाडेही झाले. आजी रडल्या. घड्याळवाले निळ्या देशाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

शेवटी पोरगा आणि त्याची ती पुलावर भेटतात, ती जवळ येते, आणखी जवळ येते, आणि काकांना जोराचा खोकला आला. खोकला थांबला तेव्हा गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली.

"पुलावर काय झालं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ते नाही सांगत," काकू म्हणाल्या. "तिथे ते घरीही खोकतात. एकतीस वर्षं."